मनगटाला चाल कशी उमगली

सकाळी वीस पोळ्या लाटून झाल्या की मनगटावरचं घड्याळ कधीकधी फुकटची पावलं जमा करून मोकळं होतं. बाई ओट्यापासून हललेलीच नसते. उलट बाळाची गाडी ढकलत बागेला दोन फेऱ्या माराव्यात, तर हात दांड्यावर स्थिर म्हणून बरीच पावलं हिशेबातच येत नाहीत. ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण ही गफलत समजायची तर घड्याळाचं कूळ शोधावंच लागतं.

या घराण्याचा एक पूर्वज बुटात राहत होता. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७३ साली ‘ला मशीन ॲनिमाल’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. चालीच्या त्याच्या प्रयोगांत बुटाच्या तळाशी रबराची हवाबंद पोकळी असे. पाऊल टेकलं की दाबलेली हवा नळीतून वर जाई आणि धावणाऱ्याच्या हातातल्या उपकरणावर रेघ उमटे. चालताना एक तरी पाय जमिनीवर असतो, धावताना मधेच दोन्ही पाय हवेत असतात. हा फरक रेघेत दिसे. तो वाचायला मात्र मारेच लागे.

१९६१ साली अमेरिकेत पुन्हा बूट कामाला आला. एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी रूलेटची गोटी कुठे पडेल याचा अंदाज बांधणारा, सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक केला आणि तो अंगावर लपवून लास वेगासच्या जुगारघरात नेला. अंगावर वागवायचा पहिला संगणक म्हणून याचंच नाव घेतात. चक्राची गती त्याला कळवायची ती बुटातलं बटण पायाच्या अंगठ्याने दाबून. उत्तर कानात सुरांनी येई. अंगठा सांगेल तेवढंच त्याला ठाऊक.

१९६५ साली जपानमध्ये कमरेला लावायचं ‘मानपो-केई’ बाजारात आलं. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल, केई म्हणजे मापक. रोज दहा हजार पावलं चालण्याचा आजचा दंडक या विक्रीच्या नावातून पसरला. अशा पाऊलमापकात लोलक असे. कंबर हिंदकळली की तो हले आणि आकडा एकाने पुढे सरके. हिसका चालण्याचा की बस खड्ड्यात गेल्याचा, याच्याशी लोलकाला कर्तव्य नव्हतं.

मग या घराण्यात एक दत्तक आला, तोही मोटारीतून. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एअरबॅगसाठी सिलिकॉनचे त्वरणमापक वापरात येऊ लागले. त्यांत कंगव्यासारखे सूक्ष्म दात असतात. धक्का बसला की मधला भाग किंचित सरकतो, दातांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युतधारिता. अपघाताचा दणका ओळखायला केलेली ही चिप लहान आणि स्वस्त होत गेली, तशी फोनमध्ये आणि पुढे मनगटावर येऊन बसली. लोलकाहून तिला एक गोष्ट जास्त कळते, ती म्हणजे गुरुत्वाकर्षणाची दिशा. त्यामुळे माणूस उभा आहे की आडवा, हे तो जराही न हलता समजतं.

पण धक्क्यांना नावं कोणी द्यायची? एमआयटीतल्या लिंग बाओ आणि स्टीफन इन्टिल यांनी २००४ साली याचं उत्तर मांडलं: ज्याचा धक्का, त्यानेच. २० जणांच्या अंगावर पाच ठिकाणी त्वरणमापक बांधले आणि त्यांना एकेक काम नेमून मोकळं सोडलं. प्रत्येक काम कधी सुरू केलं, कधी संपवलं, हे ज्याने त्याने स्वतः लिहून ठेवायचं. त्या वेळांशी आकडे जुळवून यंत्र शिकलं आणि २० क्रियांमध्ये सुमारे ८४ टक्के वेळा बरोबर ओळखू लागलं. फक्त मांडी आणि मनगट इथले मापक ठेवले तरी निकाल फारसा घसरला नाही. मनगटाचं भाग्य उजळायला हा मोठाच आधार झाला.

त्या २० क्रियांची यादी वाचण्यासारखी आहे. चालणं, धावणं, जिना चढणं, दात घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं, सरकत्या जिन्यावर उभं राहणं. घर अमेरिकेतलं, यादीही तिथलीच. पुढे इटलीतल्या जेनोव्हाच्या संशोधकांनी ३० जणांच्या कमरेला फोन बांधून जो प्रसिद्ध माहितीसंच केला, त्यात तर सहाच क्रिया होत्या: चालणं, जिना चढणं, उतरणं, बसणं, उभं राहणं, आडवं होणं. एवढीच यादी शिकलेल्या यंत्राला सातवी क्रिया दाखवली, तर ते आपणहून ‘माहीत नाही’ म्हणत नाही. सहांतल्या एखाद्या कप्प्यात तिला कोंबतं.

लाटण्याची तालात होणारी ये-जा पावलांत मोडावी, याचं म्हणून नवल नाही. या घराण्यात कोणीतरी नाव सांगितल्याशिवाय कशाचीच ओळख पटलेली नाही. पोळ्यांची ओळख पटवायची असेल, तर पिठाच्या हाताने कोणाला तरी लिहावं लागेल: लाटायला सुरुवात, सात वाजून दहा मिनिटं.