स्कुटारीची गटारे : रुग्णालयीन सुविधांच्या व्यवस्थापनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

रुग्णालयीन सेवेच्या गुणवत्तेचा विचार करताना डॉक्टर, परिचारिका व औषधे यांकडे प्रथम लक्ष जाते. इमारत, पाणी, हवा व मलनिःसारण या बाबी दुय्यम मानल्या जातात. या सुविधांची जबाबदारी निश्चित नसेल तर निष्ठेने केलेली शुश्रूषाही अपुरी पडते, हे क्रिमियन युद्धकाळातील (१८५३-१८५६) स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयाच्या इतिहासावरून दिसून येते. प्रस्तुत निबंधात त्याच प्रकरणाचा विचार केला आहे.

स्कुटारी म्हणजे आजच्या इस्तंबूलमधील उस्कुदार. तेथील तुर्की सैन्याची प्रचंड बराक ब्रिटिशांनी रुग्णालयासाठी घेतली होती. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तेथे दाखल झाल्या. स्वयंपाकघर व कपड्यांची धुलाई यांत त्यांनी केलेल्या सुधारणा सर्वश्रुत आहेत. धुलाईसाठी त्यांनी स्वतंत्र घर घेतले व सैनिकांच्या बायकांना तेथे काम दिले. तथापि मृत्युदर घटला नाही. फेब्रुवारी १८५५ मध्ये तो सुमारे ४२ टक्क्यांवर पोहोचला.

कारण पायाखालीच होते. बराकीखालची गटारे तुंबलेली होती, शौचकूपांतील दुर्गंधी थेट कक्षांत शिरत होती आणि त्यातच रुग्णांची दाटी होती. हे कोणाला दिसत नव्हते असे नाही. परंतु उपचार वैद्यकीय खात्याकडे, साहित्य भांडार खात्याकडे, शिधा रसद खात्याकडे आणि इमारतीची दुरुस्ती अभियंत्यांकडे अशी विभागणी असल्याने संपूर्ण वास्तूचा धनी कोणीच नव्हता.

मार्च १८५५ मध्ये डॉ. जॉन सदरलँड यांच्या नेतृत्वाखाली आरोग्यविषयक आयोग तेथे पोहोचला. स्थापत्य अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन हे त्याचे एक सदस्य होते. या आयोगाला केवळ शिफारशी करावयाच्या नव्हत्या; काम तत्काळ सुरू करून ते पुरे होईपर्यंत त्यावर स्वतः देखरेख ठेवावी, असा युद्धमंत्र्यांचा आदेश होता. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणाचे मर्म याच आदेशात आहे. गटारे पाण्याने धुऊन काढण्यात आली, शेकडो हातगाड्या कचरा हलविला गेला, पाण्याच्या मार्गात पडलेला मेलेला घोडा काढला गेला, भिंतींना चुना लावण्यात आला, हवेसाठी मार्ग काढण्यात आले. जूनपर्यंत मृत्युदर सुमारे २ टक्क्यांवर आला. हिवाळा ओसरणे व गर्दी कमी होणे हीदेखील त्याची कारणे होती. सारे श्रेय गटारांना देणे इतिहासाला धरून होणार नाही.

युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासमवेत आकडेवारी तपासताना नाइटिंगेल यांना अस्वच्छतेच्या परिणामांची पुरती जाणीव झाली. येथून पुढे त्यांच्या कार्याचा भर रुग्णालयाच्या रचनेवर राहिला. दूषित हवेने रोग होतो ही त्या वेळची समजूत पुढे मागे पडली, पण तिच्या आधारे सुचविलेले उपाय बव्हंशी हितकारकच ठरले.

याच सुमारास अभियंता इझंबार्ड ब्रुनेल यांनी दार्दानेल्सजवळ रेंकिओई येथील रुग्णालयाची आखणी केली. त्याचे लाकडी भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने पाठविण्यात आले. प्रत्येक इमारतीत सुमारे ५० रुग्णांची सोय, स्वतंत्र शौचालये व हवा आत ढकलणारा हाताने फिरविण्याचा पंखा होता. सुमारे १,३०० रुग्णांपैकी तेथे ५० च्या आसपास मृत्यू झाले. अर्थात हे रुग्णालय ऑक्टोबर १८५५ मध्ये, म्हणजे सेव्हास्तोपोलचा वेढा संपल्यावर सुरू झाले. त्यामुळे स्कुटारीशी त्याची सरळ तुलना योग्य नव्हे.

या अनुभवाचा भारताशीही संबंध आहे. येथील सैन्याच्या आरोग्यासाठी १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगावर सदरलँड होते. भारतातील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे या आयोगाने १८६३ च्या अहवालात नोंदविले व पाणी, गटारे आणि बराकी यांच्या सुधारणेवर भर दिला. त्यानुसार १८६४ मध्ये मुंबई, बंगाल व मद्रास इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले. मात्र त्यांचे स्वरूप सल्लागाराचेच ठेवण्यात आले.