घाटरस्त्यासाठी साधी माउंटन सायकल : बदल आणि निगा

मोले मागे पडले की राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७४८ अनमोड घाट चढू लागतो. घाटमाथ्यावर कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याचा जोयडा तालुका सुरू होतो. रामनगरला महामार्ग सोडून जगलबेट, गणेशगुडी, जोयडा, कुंभारवाडा, अणशी असा प्रवास केला, की रस्ता पुन्हा सह्याद्री उतरून कद्रामार्गे कारवारला पोहोचतो. गोव्यातून निघून गोव्यातच परतणाऱ्या या फेरीसाठी महागडी रोड सायकलच हवी असे नाही. अनेक घरांत मुलाच्या शाळेसाठी घेतलेली आणि नंतर अडगळीत पडलेली साधी माउंटन सायकलही या रस्त्याला पुरते. मात्र तिच्यात काही बदल करावे लागतात आणि ते योग्य क्रमाने करावे लागतात : आधी ब्रेक, मग टायर, त्यानंतर बैठक आणि गिअर.

या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपा. ते सुपा गाव काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात गेले आणि तेथील अनेक विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाने व्यापलेला आहे. त्यामुळे दोन दुकानांमधील अंतर मोठे असते आणि भ्रमणध्वनीचा संपर्कही सर्वत्र मिळत नाही. म्हणून सायकलीवर बसवलेला प्रत्येक भाग गावातल्या साध्या कारागिराला दुरुस्त करता येईल असाच असावा.

मूळ सायकल कशी असते?

अशा सायकलीची चाके २६ इंची, टायर गुठळ्यांचे आणि सुमारे दोन इंच रुंद असतात. पुढे स्प्रिंगचा फोर्क, पुढील तीन व मागील सात चक्रांचे मिळून २१ गिअर, आणि सांगाडा पोलादी. वजन बहुधा १५ ते १८ किलो. माउंटन सायकलीचा जन्म १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर झाला. तेथील हौशी स्वार जुन्या, जाड टायरच्या सायकली मातीच्या वाटांवरून खाली सोडत. डांबरी रस्ता तिच्या मूळ कल्पनेतच नव्हता. म्हणूनच मातीसाठी केलेल्या सोयी डांबरावर अडचणी ठरतात.

ब्रेक : पहिला खर्च येथे

स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ४१५ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. लिटरभर पाण्याला उकळी आणण्यास ती पुरेशी आहे. तिचा काही भाग वारा शोषतो, उरलेली उष्णता ब्रेकमध्ये जाते. अनमोड आणि अणशी या दोन्ही घाटांत वळणे पुष्कळ, तेव्हा ब्रेक सतत लागतो.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रबरावरील खाचा पाहाव्यात. खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर रबर बदलावे. रबराची संपूर्ण बाजू रिमला टेकली पाहिजे. टायरला स्पर्श झाल्यास टायर फाटतो. रिमची कड आत झिजून वाटीसारखी खोल झाली असेल तर रिमच बदलावी. तारेचे डिस्क ब्रेक असतील तर पॅडवरील घर्षणाचा थर एक मिलिमीटरच्या खाली गेला की नवे पॅड घालावेत. या ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलते, दुसरे स्थिर असते. स्थिर पॅड आतील बाजूच्या स्क्रूने डिस्कच्या जवळ आणल्याशिवाय ब्रेक घट्ट लागत नाही. डिस्कला तेलाचा थेंबही लागू देऊ नये.

गंजलेली तार आणि तिचे आवरण दोन्ही एकत्र बदलावेत. हा खर्च अल्प असतो, पण फरक लगेच हाताला जाणवतो. घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नये. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग कमी करावा आणि मग सोडावेत, म्हणजे मधल्या काळात ते थंड होतात.

टायर : सर्वांत मोठा फरक

डांबरावर गुठळ्यांचा टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, वाकतो आणि स्वाराची ताकद खातो. त्याऐवजी १.५ ते १.७५ इंच रुंदीचा गुळगुळीत टायर घातल्यास सायकल वेगळीच भासते. गुळगुळीत टायर ओल्या रस्त्यावर घसरतो, हा समज चुकीचा आहे. सायकलीच्या वेगाला टायरखाली पाण्याचा थर साचत नाही. पकड रबराची असते. खरा धोका रस्त्याच्या कडेवरील शेवाळ, ओला पाला आणि लाल चिखल यांचा. तेथे कोणत्याही टायरने सावधच राहावे.

खरेदीत एक सापळा आहे. २६ × १.५ आणि २६ × १½ हे आकडे सारखे वाटले तरी टायर वेगळे. माउंटन सायकलीच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो. अपूर्णांकात लिहिलेला १½ चा टायर ५८४ चा आणि साध्या सायकलीचा २६ × १⅜ हा ५९० चा. म्हणून टायरच्या बाजूवर ५५९ हा आकडा पाहूनच तो घ्यावा.

मध्यम वजनाच्या स्वारासाठी दीड इंची टायरमध्ये ५० ते ६० पीएसआय हवा पुरेशी होते. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. मोटारीसारखा वॉल्व्ह असल्यास पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण सायकलीच्या ट्यूबमध्ये हवा फार थोडी मावते. तिथला दाब काही क्षणांत ट्यूब फोडू शकतो. थांबून थांबून भरावी.

बैठक आणि फोर्क

सीटची उंची ठरवताना पॅडल सर्वांत खाली असावे आणि त्यावर टाच ठेवली असता पाय सरळ व्हावा. चवडा ठेवून चालवताना गुडघा मग किंचित वाकलेला राहतो. सीटच्या दांड्यावरील मर्यादेची खूण नळीबाहेर दिसू नये.

स्प्रिंगचा फोर्क चढावर दर पॅडलला खाली-वर होतो. त्यावर दाब वाढवण्याची कळ असल्यास ती घट्ट करावी. साधा फोर्क बसवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु नवा फोर्क लांबीने कमी असला तर सायकलीचे नाक खाली जाते आणि हँडल अस्थिर होते. लांबी, वरची नळी आणि ब्रेकची जागा या तिन्ही गोष्टी जुळत नसतील तर जुनाच ठेवावा.

वाकडे रेसिंग हँडलही टाळावे. त्याच्या ब्रेकच्या मुठी तार कमी ओढतात, तर या सायकलीच्या ब्रेकला तार जास्त ओढावी लागते. म्हणजे नेमका ब्रेकच दुर्बळ होतो. सरळ हँडलच्या टोकांना लहान शिंगे बसवली तरी हात बदलायला जागा मिळते.

गिअर : चढाचा हिशेब

पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ दाते ही रचना सर्रास आढळते. दीड इंची टायरचे चाक एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर जाते. सर्वांत जड गिअरमध्ये (४२ व १४) मिनिटाला ८० फेरे मारल्यास ताशी सुमारे २९ किलोमीटर वेग मिळतो. सपाटीला तो पुरे आहे. सर्वांत हलक्या गिअरमध्ये (२४ व २८) ६० फेऱ्यांना ताशी सहा किलोमीटर. कॅसलरॉक ते कुळे या रेल्वेमार्गावर चढ ३७ मीटरला एक मीटर आहे आणि तेथे गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. घाटातील डांबरी रस्ता ठिकठिकाणी त्याहून तीव्र आहे. सामान सोबत असेल तर ३४ दात्यांचे फ्रीव्हील बसवल्यास वेग ताशी पाचवर येतो आणि गुडघे वाचतात. मात्र चेनची लांबी आणि मागील डेरेलरची क्षमता आधी तपासून घ्यावी.

नियमित निगा

चेन झिजली की ती दात्यांनाही झिजवते. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या नेमक्या १२ इंच भरतात. त्या १/१६ इंचाने वाढल्या की चेन बदलावी. १/८ इंचापर्यंत थांबल्यास फ्रीव्हीलही बदलावे लागते. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर चेन पुसून तेल द्यावे आणि वरचे जादा तेल पुसून काढावे. पूर्ण लांबीचे मडगार्ड असल्यास चिखल चेनवर कमी येतो.

वर्षातून एकदा, पाऊस ओसरल्यावर, दोन्ही हब उघडावेत. बहुतेक साध्या हबमध्ये मागे प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे आणि पुढे ३/१६ इंची १० छर्रे असतात. खडबडीत छर्रे बदलून नवे ग्रीस भरावे. सीटचा दांडा आणि पॅडलचे आटे यांनाही ग्रीस लावावे, नाहीतर गंजाने ते जाम होतात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे सोडवताना विसरू नये. चाकाचा आउट वेळीच काढून घ्यावा. सैल स्पोक पुढच्या स्पोकला तोडतो.

सोबत काय असावे?

दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप, टायर काढण्याच्या पट्ट्या, ॲलन पाने, चेन जोडण्याचे हत्यार, ब्रेकची एक तार आणि पुढे-मागे दिवे. धुके असो वा नसो, अवजड वाहनांच्या रस्त्यावर मागचा लाल दिवा दिवसाही लावावा. डांबरी रस्ता सोडून व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात शिरण्यास वनखात्याची परवानगी लागते. अंधार पडण्यापूर्वी जंगल मागे टाकता येईल अशा बेताने निघावे.

सांगाड्याच्या सांध्याला तडा असेल किंवा फोर्क वाकला असेल, तर त्या सायकलीवर खर्च करू नये आणि तिला घाटात नेऊ नये. बाकी सायकल चांगली असली तरी उतार सुरू होण्यापूर्वी माथ्यावर दोन मिनिटे थांबावे. दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. मूठ हँडलला टेकत असेल तर तार ओढून घेतल्याशिवाय खाली उतरू नये.