घरच्या शुश्रूषेचा इतिहास

कामगार चळवळीतल्या माणसाने गिरणी, गोदी आणि गोदाम यांविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. आज मी आजाऱ्याच्या खोलीविषयी बोलणार आहे. तीही कामाचीच जागा आहे. तिथे कोणी तरी बारा तासांची पाळी भरते, आणि ती पाळी कशी भरली यावर अंथरुणातल्या माणसाचा जीव अवलंबून असतो.

पगार घेऊन घरोघर जाणाऱ्या शिकलेल्या परिचारिकेचा इतिहास सहसा लिव्हरपूलपासून सांगतात. विल्यम रॅथबोन हा तिथला धनिक व्यापारी. १८५९ साली त्याची पत्नी वारली. अखेरच्या दुखण्यात मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने तिची शुश्रूषा केली होती. पैसा असूनही आपल्या घरी एवढे हाल झाले, मग जिथे पैसा नाही आणि माहितीही नाही तिथे काय होत असेल, या विचाराने रॅथबोनने त्याच बाईंना तीन महिन्यांच्या बोलीवर गरिबांच्या वस्तीत पाठवले. महिन्याभरातच बाई रडत परत आल्या. ते दैन्य बघवत नाही, मला मोकळे करा, म्हणाल्या. रॅथबोनने समजूत घातली. आणि मुदत भरली तेव्हा त्यांनाच ते काम सोडवेना.

आता आणखी परिचारिका हव्या होत्या, आणि शिकलेल्या मिळेनात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंना विचारले, तर त्यांच्याकडेही देण्याजोग्या नव्हत्या. तुमच्या गावी तुम्हीच तयार करा, असा त्यांचा सल्ला पडला. त्याप्रमाणे तिथल्या रॉयल इन्फर्मरीला जोडून शाळा निघाली, आणि शहराचे अठरा भाग पाडून काम चालू झाले. दानशूर व्यापारी जगात पुष्कळ झाले. दयाळू बाई पुरत नाही, शिकलेली बाई लागते, हे वेळीच ओळखले यात मला रॅथबोनचे मोठेपण दिसते.

लंडनमध्ये १८७५ च्या सुमारास फ्लॉरेन्स लीस या बाईंनी ही गोष्ट आणखी पुढे नेली. रुग्णालयातल्या परिचारिकेपेक्षा घरी जाणारीला शिक्षण जास्त हवे, असा त्यांचा आग्रह. कारण साधे आहे. रुग्णालयात डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. घरी ती एकटी असते. नाइटिंगेलबाईंनी १८७६ साली ‘टाइम्स’ला पत्र लिहून वेगळाच मुद्दा मांडला. परिचारिकेला स्वतःला राहायला कामाजवळ नीट घर द्या. वाईट घर द्याल तर वाईट घर चालवून घेणाऱ्याच बाया तुमच्याकडे येतील. आम्हा युनियनवाल्यांना हे वाक्य आमच्याच एखाद्या पत्रकातले वाटावे! पुढे १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या नावाने संस्था निघाली, आणि घरोघरच्या कामाची तपासणी करायला वरिष्ठ परिचारिका जाऊ लागल्या.

दुसरा दाखला अमेरिकेचा, आणि तो कडवट आहे. तिथे १९७४ साली घरकामगारांना किमान वेतनाचा कायदा लागू झाला. मात्र म्हाताऱ्या व दुबळ्या माणसांना ‘सोबत’ करणाऱ्यांना त्यातून वगळले. अंघोळ, औषध, कूस बदलणे, सारे या एका शब्दाखाली झाकले गेले. जमैकाहून आलेल्या एव्हलिन कोक यांनी हे काम वीसेक वर्षे केले आणि जादा तासांच्या पगारासाठी दावा लावला. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एकमताने त्यांच्या विरुद्ध गेला. नियम बदलला तो २०१३ साली. कोकबाई २००९ सालीच वारल्या होत्या.

आपल्याकडे पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानड्यांच्या काळात, बायकांना परिचारिकेचे शिक्षण देण्याचे धाडस केले. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला, १९४९ साली खासगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा. पण हा दुसरा कायदा इमारतीला ओळखतो. ब्युरोने माणूस पाठवलेल्या घराला ओळखत नाही. ब्युरोतून येणाऱ्या मावशींच्या बैठका मी घेतो. लघवीची नळी कशी सांभाळायची हे अनेकींना दुसऱ्या मावशीने सांगितलेले असते. जड रुग्णाला उचलणे हे दोघींचे काम एकटीच्या कमरेवर असते. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे त्यांना ठाऊक आहे. पण दिवसपाळी करून रात्रपाळीला आलेलीचा पहाटे तीनला डोळा लागतोच. जखम झाली की घरची मंडळी मावशीवर ओरडतात. तिला सलग दोन पाळ्या कोणी लावल्या, हे कोणी विचारत नाही. विचारले तर ब्युरो म्हणतो, आम्ही फक्त गाठ घालून देतो, मालक तुम्ही.

मालक कोण, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. रोज नव्या दुकानासमोर पाठीवर पोते घेणाऱ्या हमालाचा मालक कोण? त्याचे उत्तर १९६९ च्या माथाडी कायद्याने दिले. सरकार, मालक आणि कामगार यांचे मंडळ. त्यात दोघांचीही नोंदणी. मजुरी मंडळामार्फत, आणि तिच्यावर लेव्ही. १९८१ साली हीच पद्धत खासगी सुरक्षारक्षकांना लागू केली. २००८ साली घरेलू कामगारांसाठी मंडळ झाले खरे, परंतु ते कल्याणाचे. मजुरी ठरवून ती हाती देण्याचे नव्हे. बंगल्याच्या फाटकावर बसणाऱ्या रक्षकासाठी जे जमले, ते आत आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या बाईसाठी आपण अजून मागितलेलेदेखील नाही. मागायचे झाले तर त्या मंडळाच्या वहीत प्रत्येक मावशीचे शिक्षण आणि तिच्या सलग पाळ्या लिहिलेल्या असाव्यात, आणि ती वही रुग्णाच्या घरच्यांना पाहता यावी.