चेन्नईच्या गुन्हेमालिका आणि वर्गणीचा हिशेब

हव्या त्या वाहिन्यांपुरतेच पैसे भरण्याचा प्रयोग चेन्नईला नवा नाही. सशर्त प्रवेश प्रणाली, अर्थात ‘कॅस’, १ सप्टेंबर २००३ रोजी देशात प्रथम याच महानगरात लागू झाली. सशुल्क वाहिन्यांसाठी सेट टॉप बॉक्स अनिवार्य ठरला. बहुसंख्य घरांनी मात्र तो घेतलाच नाही.

आता तोच प्रश्न ॲपच्या रूपाने परतला आहे. पुष्कर-गायत्री या दांपत्याने लिहिलेली ‘सुळल’ प्राइम व्हिडिओवर आली (२०२२, दुसरे पर्व २०२५), तमन्ना भाटिया यांची ‘नोव्हेंबर स्टोरी’ (२०२१) हॉटस्टारवर, तर ‘ऑटो शंकर’ (२०१९) झी फाइव्हवर. तीन तमिळ मालिका, तीन वर्गण्या! हॉटस्टार आणि जिओसिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये एकत्र आले, तेवढाच दिलासा.

यांपैकी ‘ऑटो शंकर’ला वास्तवाचा आधार आहे. तिरुवान्मियूर परिसरातील १९८०च्या दशकातील हत्यांबद्दल शंकरला १९९५ मध्ये सेलमच्या कारागृहात फाशी देण्यात आली. त्याचे आत्मचरित्र ‘नक्कीरन’ नियतकालिकाने छापू नये, असा शासनाचा आग्रह होता. सार्वजनिक नोंदींत असलेला मजकूर संबंधिताच्या संमतीविना छापता येतो, मात्र त्यापलीकडे खासगीपणाचा हक्क अबाधित राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दिला. सत्य घटनांवर मालिका काढणाऱ्यांना तो आजही मार्गदर्शक आहे.

‘सुळल’च्या दोन पर्वांचे भाग १६. एका महिन्याच्या वर्गणीत ते सहज पाहून होतात. आपोआप होणारे नूतनीकरण मात्र पहिल्याच दिवशी बंद करावे.