विश्वासाची मुदत

दिवाळीच्या दिवसांत ज्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, असे घर आज शोधूनच काढावे लागेल. ही शिट्टी म्हणजे वाफेच्या वाटेवर बसवलेले एक लहानसे वजन. आतला दाब त्या वजनाला भारी झाला की ते उचलले जाते, वाफ बाहेर पडते आणि भांडे फुटण्याचा धोका टळतो. गृहिणींच्या रोजच्या ओळखीच्या या युक्तीचा मूळपुरुष मात्र एक फ्रेंच पंडित होता.

त्याचे नाव दनी पापँ. हाडेसुद्धा शिजून मऊ व्हावीत असे एक बंद भांडे त्याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. कोंडलेली वाफ केवढी बलवान असते हे तो ओळखून होता. म्हणून त्याने भांड्याला एक झडप लावली आणि तिच्यावर वजन टांगलेली दांडी ठेवली. १६८२ साली सोसायटीच्या सभासदांनी त्या भांड्यातले जेवण चाखलेही! सुरक्षा झडपेचा जन्म असा स्वयंपाकाच्या निमित्ताने झाला.

पुढे वाफ यंत्रे चालवू लागली आणि खेळ गंभीर झाला. इंग्लंडात रिचर्ड ट्रेव्हिथिक याने जास्त दाबाची यंत्रे बांधली. १८०३ साली ग्रिनिच येथे त्यांतल्या एका यंत्राचा बॉयलर फुटला आणि चार माणसे ठार झाली. यंत्र सांभाळणारा पोरगा वाम मासे धरायला निघून गेला होता; दुसऱ्या कामगाराने यंत्र थांबवले, पण झडप मोकळी केली नाही, असे सांगतात. ट्रेव्हिथिकने यातून मोठा शहाणा धडा घेतला. त्याने पुढच्या बॉयलरांना एकीच्या जागी दोन झडपा लावल्या, आणि त्यांतली एक अशी ठेवली की चालवणाऱ्याचा हात तिला लागूच नये. पहाऱ्यावर पहारा हवा, हे तत्त्व तेव्हापासूनचे.

पण आत दाब किती आहे, हे डोळ्यांना कसे दिसावे? १८४९ साली पॅरिसच्या युजेन बूर्दाँ याने त्याचे साधन पेटंट केले. चपट्या, वाकवलेल्या नळीत दाब शिरला की ती किंचित सरळ होऊ पाहते; त्या हालचालीला काटा जोडला की झाला दाबमापक. आजही कारखान्यांतून, गाड्यांच्या चाकांत हवा भरणाऱ्यांच्या दुकानांतून हाच काटा फिरताना दिसतो.

त्याच कुळातला पुढचा वंशज म्हणजे दाबाचा स्विच. त्यात दाब एका पडद्याला ढकलतो, मागून स्प्रिंग त्याला थोपवून धरते, आणि ठरलेली मर्यादा आली की विजेचा प्रवाह तुटून भट्टी बंद पडते. काटा दिवसभर काही ना काही बोलत असतो. तो खोटे बोलू लागला तर निदान संशय तरी येतो. स्विच मात्र महिनोन् महिने गप्प असतो. आणि स्प्रिंग थकते, पडदा ताठरतो, नळीत गाळ साचतो. बाहेरून पाहावे तर स्विच जसाच्या तसा! रात्रीच्या गुरख्याला डुलकी लागली आहे की तो जागा आहे, हे चोर येईपर्यंत कळू नये, तशातलाच हा प्रकार.

मग त्याची पारख पुन्हा केव्हा करायची? घाईत असलेल्या माणसाने हा निर्णय घेतला की काय होते, ते १८६५च्या एप्रिलात मिसिसिपी नदीवर दिसले. ‘सुल्ताना’ या आगबोटीचा बॉयलर गळत होता. कारागिराने मोठी दुरुस्ती सुचवली. पण युद्धकैदेतून सुटलेले सैनिक नेण्याचे भाडे हातचे जाईल म्हणून कप्तानाने केवळ ठिगळावर भागवले. पावणेचारशे उतारूंच्या बोटीत दोन हजारांहून अधिक माणसे कोंबली होती. मेम्फिसजवळ स्फोट झाला आणि हजाराहून अधिक जीव गेले. फुटण्याच्या कारणांवर तज्ज्ञ आजही वाद घालतात; पण निर्णय कोणी आणि कशासाठी घेतला, याबद्दल वाद नाही.

म्हणून मुदत माणसाच्या लहरीवर न ठेवता कायद्याने बांधण्याकडे जगाचा कल झाला. आपल्याकडे १९२३च्या बॉयलर कायद्याने दाखल्याची मुदत बारा महिन्यांपेक्षा जास्त असू नये, असे ठरवले. नियम ठीकच, पण प्रत्येक उपकरण एकाच चालीने म्हातारे होत नाही. धडधडत्या यंत्रावरचा स्विच आणि शांत कोपऱ्यातला स्विच यांना एकच पंचांग कसे लागू पडेल?

यावर जाणकारांनी जिन्याची रीत काढली. समजा, एक स्विच दहा किलोच्या दाबाला तुटायला हवा आणि दोन दशांशांचा फरक चालण्याजोगा आहे. वर्षाने ताडून पाहता तो दहा पूर्णांक एक दशांशाला तुटला, तर तो विश्वासाला पात्र आहे. असे लागोपाठ होत गेले तर मुदत एक पायरी वाढवावी. दहा पूर्णांक सहाला तुटला, तर मुदत कमी करावी, आणि मधल्या काळात भट्टी कोणाच्या भरवशावर चालली होती, याचाही शोध घ्यावा.

या रीतीचा सारा प्राण एका नोंदीत आहे. स्विच हाती आला तेव्हा कसा होता, ते स्क्रूला हात लावण्यापूर्वी लिहायचे. बरेचदा मिस्त्री आधी स्क्रू फिरवतो आणि मग ‘ठीक आहे’ म्हणून लिहून मोकळा होतो. तेवढ्यात त्या स्विचचे वर्षभराचे चरित्रच पुसले जाते. पुढची मुदत ठरवायला मग हाती उरतो तो केवळ अंदाज.

ट्रेव्हिथिकने चार जिवांच्या मोलाने शिकलेला धडा कारखान्याच्या एखाद्या मळक्या वहीत अशा एका ओळीने जिवंत राहतो. ती ओळ प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस इतिहासात येत नाही. पण संध्याकाळी भोंगा झाल्यावर शेकडो माणसे धडधाकट घरी परततात, ती त्याच्यामुळे.