मार्माइटची चव कुणी लावली?

मार्माइट पहिल्यांदा खाणारा माणूस हमखास एक चूक करतो. बरणीतला तो काळपट, चिकट पदार्थ बघून त्याला काकवी नाहीतर जॅम आठवतो आणि तो पावावर सढळ हाताने थर देतो. मग पहिल्याच घासाला तोंड वाकडं. कारण हा पदार्थ गोड नाहीच, चांगला खारट आणि वर कडवट आहे. ज्यांना तो आवडतो ते आधी लोणी लावतात आणि त्यावर जेमतेम रंग चढेल इतकाच फासतात.

'ही चव सवयीने आवडते' असं म्हणून आपण मोकळे होतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरा प्रश्न तिथेच पडतो. सवय आपोआप लागत नाही. ती कुणी लावली, कधी आणि कशासाठी?

आधी हा पदार्थ काय आहे ते बघू. बीअर बनवताना यीस्ट भरमसाठ वाढतं आणि शेवटी उरतं. हे उरलेलं यीस्ट मीठ घालून गरम केलं की त्याच्याच पेशींमधली विकरं त्याची प्रथिनं तोडायला लागतात. त्यातून ग्लुटामेट मोकळं होतं आणि मांसाच्या रश्शासारखी दाट चव येते. मग सालं गाळायची आणि पाणी आटवायचं. यीस्टचा असा अर्क खाता येतो हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. 1902 मध्ये इंग्लंडच्या बर्टन अपॉन ट्रेंट या गावात मार्माइट कंपनी सुरू झाली. गाव का हेच? कारण तिथे बास कंपनीचा बीअरचा मोठा कारखाना होता आणि कच्चा माल शेजारीच पडून होता. म्हणजे सुरुवातीला मागणी नव्हती, होता तो उरलेला माल.

मागणी आली ती पोषणाच्या वाटेने. 1912 च्या सुमारास 'व्हिटॅमिन' हा शब्द आला, आणि यीस्टमध्ये ब गटातली जीवनसत्त्वं भरपूर असतात हे लक्षात आलं. पहिल्या महायुद्धात मार्माइट ब्रिटिश सैनिकांच्या शिध्यात गेलं. शिध्यात आवडनिवड कोण विचारतो? समोर येईल ते खायचं.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. युद्धामुळे मार्माइटची आयात विस्कळीत झाली होती. ही संधी बघून मेलबर्नचे व्यापारी फ्रेड वॉकर यांनी सिरिल कॅलिस्टर या रसायनशास्त्रज्ञाला कामाला लावलं आणि 1923 मध्ये व्हेजिमाइट बाजारात आलं. आज ते ऑस्ट्रेलियाची ओळख मानलं जातं, पण तेव्हा ते कुणी घेईना! 1928 मध्ये वैतागून त्याचं नाव 'पारविल' ठेवलं. मार्माइट म्हणजे 'आई कदाचित खाईल' आणि पारविल म्हणजे 'बाबा नक्की खातील', अशी ती इंग्रजी कोटी होती. कोटीही चालली नाही. 1935 मध्ये जुनं नाव परत आलं आणि चीजबरोबर बरणी फुकट वाटण्याची योजना निघाली. पुढे डॉक्टरांची शिफारस मिळाली, दुसऱ्या महायुद्धात सैन्याने भरभरून खरेदी केली, आणि 1950 च्या दशकात रेडिओवर लहान मुलांच्या आवाजातली जाहिरात आली. एका पिढीच्या आत नकोसा पदार्थ बालपणाची आठवण होऊन बसला.

आता मुंबईकडे या. होय, ही बरणी मुंबईतही येऊन गेली आहे आणि इथे तिने फार मोठं काम केलं आहे.

1928 मध्ये लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या गरीब बायकांना गरोदरपणात तीव्र रक्तक्षय व्हायचा आणि अनेकींचा त्यात जीव जायचा. विल्स यांनी मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांबरोबर या बायकांचा आहार आणि राहणीमान तपासलं. आजार जास्त दिसत होता तो प्रथिनं, फळं आणि भाज्या कमी मिळणाऱ्या बायकांमध्ये. मग प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि पुढे रुग्णांना स्वस्तात मिळणारं मार्माइट देऊन पाहिलं. त्यांचं रक्त सुधारलं. 1931 मध्ये हा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. मार्माइटमधल्या या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. त्यालाच आज आपण फोलेट म्हणतो.

मग या बायकांना मार्माइटची चव का नाही लागली? मला याचं उत्तर वर सांगितलेल्या गोष्टींच्या क्रमात दिसतं. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात बरणी लहानपणी, घरात, लोण्यापावाबरोबर समोर आली आणि रोज येत राहिली. मुंबईत ती आजारी बाईच्या खाटेपाशी आली, औषध म्हणून आली आणि बरं वाटल्यावर निघून गेली. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक अ‍ॅसिड वेगळं केलं गेलं, 1945 मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं. गुण गोळीत उतरला, तेव्हा चव सोसायचं कारणच उरलं नाही. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. त्या गोळीचा एक धागा थेट या बरणीपर्यंत जातो.

विल्स यांचा निबंध रक्ताबद्दल होता, चवीबद्दल नव्हता. त्यामुळे त्या बायकांनी तोंड वाकडं केलं का, कुणी आणखी मागून घेतलं का, हे त्यात शोधण्यात अर्थ नाही. पण मार्माइटचा इतिहास म्हणजे 'आवडणारे' आणि 'न आवडणारे' एवढाच तुम्हाला कुणी सांगितला, तर या तिसऱ्या गटाची आठवण करून द्या. त्यांना कुणी आवड विचारली नव्हती, पण त्यांच्या शरीरांनी दिलेल्या उत्तरावर आज जगभरच्या गरोदर बायकांची औषधं उभी आहेत.