भुईआवळीची परीक्षा

गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या परिसरात पावसाळ्यात भुईआवळी वाटेच्या कडेलाही उगवते: वीतभर झाड, पानांखाली ओळीने लोंबणारी मोहरीएवढी फळे. कावीळ झाली की तिचा रस दुधातून किंवा ताकातून देतात. या रिवाजाला विषाणू ठाऊक नव्हता. त्याला दिसत होते ते पिवळे डोळे. वनस्पतीला थेट विषाणूसमोर उभे करण्याची रीत विसाव्या शतकातली. १९३१पासून कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवता येऊ लागले. १९५२मध्ये डल्बेको यांनी पेशींच्या थरात विषाणूने पाडलेली भोके मोजून दाखवली. १९६८पासून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने भारतीय वनस्पतींचे अर्क पारखून अहवाल काढले. त्यांत कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या विषाणूवरची चाचणीही होती.

भुईआवळीचीही पाळी आली. काविळीचे एक कारण असलेला हिपॅटायटिस बीचा विषाणू ओळखणाऱ्या ब्लमबर्ग यांच्या गटाला १९८७मध्ये तिचा अर्क प्रयोगशाळेत परिणामकारक दिसला. १९८८मध्ये मद्रासच्या त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की औषध घेणाऱ्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, खोटे औषध घेणाऱ्या २३ पैकी एकाचीच. दोन वर्षांनी थायलंडच्या चाचणीत मात्र तसे घडले नाही. मग पिढ्यान्‌पिढ्या बरे झालेले लोक खोटे का? नाही, पण दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते आणि श्रेय त्या आठवड्यातल्या रसाला मिळते. प्रयोगशाळाही फसते. तुरट अर्कातले टॅनिन प्रथिनांना चिकटून विषाणू रोखल्याचा भास निर्माण करते. पेशीच मेल्या तर विषाणू वाढणार कुठे? म्हणून गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांतले अंतर मोजावेच लागते.

तर मग वैदूचे ज्ञान सोडून द्यावे, असे कोणी म्हणेल. हिवतापाचा दाखला त्याच्या उलट जातो. चीनच्या थू यूयू यांना उष्णतेने काढलेल्या अर्कात गुण टिकेना. जुन्या ग्रंथात वनस्पती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यांनी कमी तापमानात अर्क काढला आणि १९७१मध्ये यश आले. गडचिरोलीत फॅल्सिपॅरम हिवतापाच्या रुग्णाला आज त्या अर्कातल्या औषधाच्याच वंशाच्या गोळ्या मिळतात. म्हणजे परंपरेकडून घ्यायचा तो निकाल नव्हे, कृती. २००२च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या. त्यांत नुसते वनस्पतीचे नाव पुरत नाही. कोणता भाग, कोणत्या ऋतूत, कशात कालवून, कोणत्या लक्षणावर, हे लिहिले तरच प्रयोगशाळेला नेमका प्रश्न विचारता येतो, आणि उद्या औषध निघाले तर गावालाही आपला वाटा मागता येतो.